शेंदराखालचे विमान

दुसरे महायुद्ध संपले आणि कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर एक अजब काम सुरू झाले. ब्रिटिश हवाईदलाचे लोक आपलीच विमाने ठेचू लागले. सुटे भाग काढून नीट रचून ठेवणे वगैरे भानगड नव्हती, सरळ ठेचायची. कुठे क्रेनने विमान उचलायचे आणि वरून सोडून द्यायचे, कुठे अंगावर बुलडोझर घालायचा. कॉकपिटमध्ये शिरून तबकड्यांवर कुऱ्हाड चालवायची, इंजिनाच्या पोटात वाळू ओतायची. ही विमाने होती बी-24 जातीची, चार इंजिनांची अवजड बॉम्बर, नाव लिबरेटर. मुक्तिदाता! काही महिन्यांपूर्वीपर्यंत बंगालमधल्या दिग्री आणि सालबनीच्या धावपट्ट्यांवरून उडून ती ब्रह्मदेशातले रेल्वेमार्ग आणि पूल उडवत होती.

या नासधुसीमागे हिशेब होता. विमाने ब्रिटनच्या मालकीची नव्हतीच. अमेरिकेने 'लेंड-लीज' नावाच्या व्यवस्थेखाली ती मित्रराष्ट्रांना वापरायला दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची किंवा निकामी करायची, असे तीन रस्ते होते. परत नेण्याचा खर्च कोण करणार? अमेरिकेला स्वतःचीच विमाने नकोशी झाली होती. ॲरिझोनातल्या किंगमनला आणि आर्कान्सातल्या वॉलनट रिजला हजारो विमाने रांगेने उभी करून वितळवली जात होती. विकत घ्यायला ब्रिटनकडे पैसा नव्हता. उरला तिसरा रस्ता.

18 हजारांहून अधिक लिबरेटर बांधली गेली. तेवढ्या संख्येने दुसरे कोणतेही अमेरिकी लढाऊ विमान कधी बनले नाही. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर पडत असे. आज पूर्ण रूपातली लिबरेटर बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत आणि त्यांतली निदान सहा भारतातून वाचली. दिल्लीत एक, लंडनमध्ये एक, कॅनडात ओटावाला एक आणि अमेरिकेत तीन. चकेरीत ज्यांना मारून टाकले होते, त्यांच्याच गोतावळ्यातली ही.

झाले असे, की 1947-48 मध्ये काश्मीरचे युद्ध सुरू होते आणि स्वतंत्र भारताच्या हवाईदलाकडे एकही अवजड बॉम्बर नव्हते. नवे घ्यायला परकीय चलन नव्हते. तेव्हा कोणाचे तरी लक्ष कानपूरच्या त्या ढिगाऱ्याकडे गेले. पाहणीला गेलेली मंडळी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या मदतीने हा कारखाना उभा केला, तेव्हा भारतात विमान बांधायचे हे स्वप्न बहुतेकांना हास्यास्पद वाटत होते. युद्धकाळात कारखाना अमेरिकी हवाईदलाच्या ताब्यात गेला आणि त्यांच्या विमानांची दुरुस्ती तिथे होऊ लागली. त्या काळात तिथल्या फिटरांनी आणि पत्राकाम करणाऱ्यांनी अमेरिकी विमानांची आतडी-कोथळी पाहून घेतली होती. त्यामुळे ब्रिटिशांना जे भंगार दिसत होते, त्यात या लोकांना सुटे भाग दिसले. एकाचा पंख शाबूत, दुसऱ्याची शेपटी. तिसऱ्याचे चाकांचे पाय. इंजिन तर ओळखीच्याच घराण्यातले, डाकोटा विमानाला बसते त्या प्रॅट अँड व्हिटनीच्या जातीचे.

कानपूरला जेमतेम उडण्यापुरती डागडुजी करायची आणि विमान उडवत बंगळूरला न्यायचे, असा बेत ठरला. मधले अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. पंखांवर वाळूने खाल्लेली इंजिने, समोर अर्ध्याअधिक बंद तबकड्या. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही विमाने एकामागून एक बंगळूरला पोहोचवली. चाळीसच्या आसपास लिबरेटर अशी उभी राहिली. 2 नोव्हेंबर 1948 रोजी भारतीय हवाईदलाची 5 क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांच्यावरच स्थापन झाली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती पुण्याला आली. 1951 पासून 6 क्रमांकाची स्क्वाड्रनही पुण्याहून लिबरेटर उडवू लागली. तिचे काम समुद्रावर टेहळणीचे. त्या काळात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना चार इंजिनांची ती घरघर पाठ झाली असणार. 1968 संपता संपता भारताने लिबरेटर निवृत्त केली. जगात ती लष्करी सेवेत इतकी उशिरापर्यंत कोणीच वापरली नव्हती.

आणि मग जगाला जाग आली. बाकीच्यांनी वितळवलेली विमाने भारताकडे अजून उडत्या अवस्थेत आहेत, हे कळल्यावर संग्रहालयांची पत्रे येऊ लागली. कॅनडाने 1968 साली एक लिबरेटर नेले. त्या बदल्यात भारताला दिले लायसँडर नावाचे जुने विमान, एका जुन्याच्या बदल्यात दुसरे जुने. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयासाठी एक लिबरेटर 1969 साली भारतातून थेट टूसॉनपर्यंत उडत गेले. ब्रिटनचे विमान 1974 साली गेले. एक बंगळूरलाच उघड्यावर पडून राहिले, तेरा वर्षे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

इथपर्यंत सगळी दुरुस्ती 'उडण्यासाठी' झाली होती. दुरुस्ती करणाऱ्याला एकच प्रश्न पडत असे, विमान उडेल का? संग्रहालयाच्या दारात पाऊल ठेवताच प्रश्न बदलतो आणि जास्त अवघड होतो. विमान दाखवायचे, पण कोणते? 1944 चे की 1964 चे?

जुन्या विमानाच्या अंगावर रंगांचे थर असतात. कारखान्यातला पहिला, पहिल्या हवाईदलाचा दुसरा, मग दुसऱ्या हवाईदलाचा, मधल्या डागडुजीचा. संवर्धक मंडळी पत्र्यावर नाण्याएवढी जागा निवडतात आणि अतिशय बारीक ओल्या पॉलिशपेपरने ती हळूहळू घासत जातात. मध्ये जास्त, कडेला कमी. असे केले की एकात एक वर्तुळे दिसू लागतात, लाकडाच्या ओंडक्यातल्यासारखी. सर्वांत आतले वर्तुळ सर्वांत जुने. कोणते चिन्ह कुठे होते, क्रमांक किती उंचीचा होता, हे त्यातून कळते. छायाचित्रे असली तर ताळा जमतो, पण तीही बहुतेक काळी-पांढरी. त्यातला करडा म्हणजे हिरवा की निळा, हे वर्तुळच सांगते.

2022 साली वणीच्या सप्तशृंगीवरचे शेंदराचे थर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढले गेले आणि पिढ्यानपिढ्या कोणी न पाहिलेले देवीचे रूप दिसले. लोकांनी रांगा लावल्या. तिथे शेंदूर वरचा आणि मूर्ती खरी, याबद्दल वाद नव्हता. देवळांना फासलेला ऑइलपेंट काढून काळा पाषाण उघडा करतानाही असा वाद होत नाही. विमानाचे तसे नाही. त्याचा प्रत्येक थर कोणाच्या तरी आयुष्याचा असतो. बंगालमधून उडालेल्या इंग्रज पोरांचा एक, पुण्याहून अरबी समुद्रावर गेलेल्या भारतीय वैमानिकांचा दुसरा. आतल्या वर्तुळापर्यंत जायचे तर बाहेरचे वर्तुळ घासूनच काढावे लागते, आणि एकदा काढले की ते गेले.

बहुतेक संग्रहालये यावर एक तोडगा काढतात. एक तारीख निवडायची आणि विमान त्या दिवशी जसे होते तसे करायचे. या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ओहायोतल्या डेटन येथे, अमेरिकी हवाईदलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 'मेम्फिस बेल' हे बी-17 जातीचे बॉम्बर. इंग्लंडातल्या बासिंगबोर्नहून ते जर्मनव्याप्त युरोपवर हल्ले करायला जाई. वैमानिक रॉबर्ट मॉर्गन आणि त्याच्या साथीदारांनी 17 मे 1943 रोजी पंचविसावी मोहीम पुरी केली. पंचवीस पुऱ्या झाल्या की घरी जायची मुभा होती आणि तिथवर जिवंत पोहोचणारे थोडे. खरे तर 'हेल्स एंजल्स' नावाच्या दुसऱ्या एका बी-17 ने चारच दिवस आधी पंचविशी गाठली होती. पण मेम्फिस बेलच्या मोहिमांवर हॉलिवुडचा नामांकित दिग्दर्शक विल्यम वायलर याने कॅमेरा लावला होता, आणि हेच विमान आधी मायदेशी परतले. युद्धरोखे विकण्यासाठी त्याला अमेरिकेच्या गावोगावी फिरवले. कीर्ती कोणाच्या वाट्याला जावी, याचे गणित असेच असते.

युद्धानंतर हे लाडके विमान ओक्लाहोमातल्या अल्टस येथे भंगाराच्या रांगेत उभे होते. 1946 साली मेम्फिस शहराने ते 350 डॉलरना विकत घेतले. पुढची चाळीसेक वर्षे ते बहुतेक उघड्यावरच राहिले. ऊन, पाऊस, आतली वस्तू आठवण म्हणून खिशात घालणारे लोक, सगळे त्याने सोसले. 2005 साली ते डेटनला आणले तेव्हा आतून पार पोखरलेले होते. तेरा वर्षे काम चालले, 55 हजारांहून अधिक तास. 17 मे 2018 रोजी, बरोबर पंच्याहत्तर वर्षांनी, पडदा उघडला. नाकाच्या एका बाजूला निळ्या पोहण्याच्या पोशाखातली सुंदरी आणि दुसऱ्या बाजूला तीच लाल पोशाखात, मूळ चित्रे होती तशी. 'एस्क्वायर' मासिकातल्या जॉर्ज पेटीच्या चित्रावरून तळावरच्या टोनी स्टार्सर नावाच्या सैनिकाने ती काढली होती.

या कामात एक गोष्ट अशी निघाली, की तारीख निवडण्याच्या पद्धतीलाच चिमटा बसला. वरचे रंग उतरवताना पत्र्यावर ओरखडलेली नावे दिसली. 1943 च्या उन्हाळ्यात गावोगावच्या लोकांनी विमानाला हात लावला, त्यावर चढले, आणि खिळ्याने, चाकूने, जे हाताला लागेल त्याने आपली नावे कोरली. आपल्याकडे गडांच्या तटबंदीवर बदामात बाण काढून नावे लिहिणाऱ्यांना शिव्या घालतो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की आता ती नावे पंच्याहत्तर वर्षांची झाली होती. त्यांतली काही नावे ज्यांची पोरे युरोपात मरत होती अशा घरांतली असणार. पण संग्रहालयाने ठरवलेली तारीख मे 1943 ची, आणि दौरा सुरू झाला जूनमध्ये. मेमधल्या मेम्फिस बेलवर ही नावे नव्हती. नव्या रंगाने खरे रूप परत आणले आणि एक खरा थर पुन्हा झाकला, दोन्ही एकाच हाताने.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेपुढे असाच पेच होता, पण शतपटीने जड. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे 'एनोला गे' हे बी-29 त्यांच्याकडे होते. 1953 ते 1960 ते अँड्र्यूज तळावर उघड्यावर उभे होते. पक्ष्यांनी आत घरटी केली होती आणि माणसांनी आतले जमेल ते पळवले होते. 1984 च्या डिसेंबरात काम सुरू झाले. पूर्ण जोडलेले विमान लोकांपुढे आले 2003 च्या डिसेंबरात. तोवर सुमारे तीन लाख तास खर्ची पडले होते. तारीख ठरवायला अर्थातच वेळ लागला नाही, 6 ऑगस्ट 1945. त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो शेजारी लावायच्या मजकुरावर. मेलेल्यांबद्दल किती लिहायचे, यावरून 1995 साली इतके रान उठले, की मूळ प्रदर्शन गुंडाळावे लागले आणि संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. पत्रा चकचकीत करणे सोपे होते.

सोपे म्हणावे, पण पत्र्याचे काम पाहिलेला माणूस तसे म्हणणार नाही. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. आधी पांढरी भुकटी दिसते. मग धातूचे पापुद्रे सुटू लागतात, तळलेल्या चिरोट्यासारखे. बाहेरून रंग गुळगुळीत आणि आत चिरोटा, हे जुन्या विमानांचे नेहमीचे दुखणे. जिथे दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतात, पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा, तिथे दमट हवेत लहानशी विद्युतघटाचीच क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून पहिले काम असते उघडून पाहण्याचे. पत्रा उघडायचा तर रिव्हेट काढावे लागतात. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यात मधोमध ड्रिल धरायचे, डोके उडवायचे, मग दांडी ठोकून बाहेर काढायची. ड्रिल केसभर सरकले तर भोक मोठे होते आणि मूळ पत्रा वाया जातो. अशी लाखो भोके!

परत बसवताना दोघे लागतात. एक बाहेरून रिव्हेटगनने ठोकतो, दुसरा आतून पोलादाचा जड ठोकळा दांडीला दाबून धरतो, म्हणजे दांडीचे टोक चेपून पसरते. आतल्याला काही दिसत नाही, बाहेरच्याला आतले काही ऐकू जात नाही. बोलणे ठोठावण्याच्या खुणांनी. पंखाच्या टोकाकडे जागा इतकी चिंचोळी, की तिथे बारीक अंगाचीच व्यक्ती शिरू शकते. काही रिव्हेट तर फ्रीजमध्ये ठेवतात. त्यांचा मिश्रधातू तापवून विझवल्यावर थोडा वेळ मऊ राहतो आणि मग आपोआप कडक होत जातो. थंडीत हे कडक होणे थांबून राहते. म्हणून फ्रीजमधून बाहेर काढला की ठोकून मोकळे व्हायचे. युद्धकाळात कारखान्यात हेच करत आणि आजही तेच करतात.

ॲल्युमिनियम झाले, की बाकीचे. लिबरेटरच्या शेपटीच्या हलत्या पट्ट्या कापडाच्या होत्या. सुती कापड ताणून बसवायचे आणि त्यावर डोप नावाचे रोगण चढवायचे. ते वाळले की कापड ढोलकीच्या कातड्यासारखे वाजते. गोळी लागली तरी भोक आपोआप बुजावे म्हणून पेट्रोलच्या टाक्यांना आतून रबराचे थर दिलेले. सत्तर वर्षांनी त्या रबराचा डिंक होतो. रात्री दिसाव्यात म्हणून तबकड्यांच्या आकड्यांना रेडियमचा रंग लावलेला असे. आता ते आकडे चमकत नाहीत, पण किरणोत्सर्ग तसाच आहे. त्यामुळे कॉकपिटमध्ये बसून खुशाल तबकड्या पुसत बसण्याची सोय नाही. आणि लिबरेटरचे बॉम्बकप्प्याचे दरवाजे! ते बिजागरीवर उघडत नाहीत. दुकानाच्या शटरसारखे पोटाच्या दोन्ही बाजूंनी वर सरकतात. त्यांच्या एकेका पट्टीची वेगळी कारागिरी.

एखादा भाग मिळालाच नाही तर? जुने नकाशे मायक्रोफिल्मवर असले तर ते काढून नवा घडवायचा. नाहीतर दुसऱ्या संग्रहालयाकडे पाहायचे. या जगात उसनवारी जोरात चालते. एकाकडे दोन चाके जास्त, दुसऱ्याकडे तोफकप्प्याची काच. पण यातून एक जुनी पंचाईत उभी राहते. इतके भाग बदलल्यावर विमान तेच राहते का? शेतकऱ्याच्या जुन्या बैलगाडीची चाके बदलली, साटी बदलली, जू बदलले, तरी ती 'आज्याची गाडी'च असते. विमानांच्या बाबतीत मात्र काही वेळा मूळ ओळखपट्टी आणि मूठभर पत्रा घेऊन अख्खे नवे विमान बांधतात, आणि ते जुने म्हणून मिरवते. उडणाऱ्या विमानांच्या शौकिनांना याचे काही वाटत नाही. संग्रहालयवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

उडवायचे ठरवले, की मूळ भागांची गय करता येत नाही. थोडा तडा गेलेला अस्सल भाग कपाटात ठेवून नकली नवा बसवावा लागतो. शिवाय विमान म्हटले की धोका आलाच. 2 ऑक्टोबर 2019 रोजी कनेक्टिकटमध्ये प्रवासी घेऊन उडालेले एक जुने बी-17 कोसळले आणि सात जण गेले. 12 नोव्हेंबर 2022 रोजी डल्लसच्या हवाई प्रदर्शनात दुसरे बी-17 एका लढाऊ विमानाशी धडकले, त्यात सहा जण गेले. माणसे गेली आणि परत कधीही न मिळणारी विमानेही गेली. असे असूनही उडवणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. भिंतीशी उभे असलेले विमान पाहून त्याचा आवाज कळत नाही, आणि चार इंजिनांचा आवाज ऐकून म्हातारे सैनिक रडताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा वाद पटकन सुटत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ब्रिटनमधले डॉर्निए आहे. डॉर्निए-17 हे जर्मन बॉम्बर 1940 च्या ऑगस्टमध्ये केंटच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर कोसळले, उलटे झाले आणि वाळूत गाडले गेले. या जातीचे दुसरे विमान जगात उरल्याचे माहीत नाही. ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयाने 10 जून 2013 रोजी ते समुद्रातून वर काढले. खरी कसरत पुढे होती. समुद्रातून बाहेर आलेल्या ॲल्युमिनियमच्या रंध्रारंध्रांत मीठ असते. हवा लागली की ते धातूला झपाट्याने खाऊन टाकते. म्हणून कॉस्फर्डला दोन पॉलिहाउस उभारली, आपल्याकडे तळेगाव भागात जरबेरा लावतात तशी. आत विमानाचे तुकडे मांडून त्यांच्यावर सतत फवारा मारत ठेवला. फवाऱ्यात काय? सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाच्या आंबटपणातले आम्ल. त्याचा कडकपणा कमी करायला थोडा कॉस्टिक सोडा. हे मिश्रण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी ठरवले होते. तांब्याचा हंडा चिंच-लिंबाने घासणाऱ्या कोणत्याही आजीला हे सांगितले, तर तिला नवल वाटणार नाही. हे बॉम्बर पुन्हा चकचकीत करायचा बेत पहिल्यापासूनच नव्हता. ते मोडलेले, समुद्राने कुरतडलेले, तसेच ठेवायचे. त्याच संग्रहालयात नॉर्वेच्या एका तळ्यातून 1973 साली काढलेले हॅलिफॅक्स बॉम्बरही आहे. 'टिरपिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेलेले ते विमान गोठलेल्या तळ्यावर उतरले आणि मग बुडाले. तेही रंगरंगोटीविना, तळ्याने ठेवले तसे.

मध्यमार्ग म्हणून 'फ्लॅक-बेट' पाहावे. हे बी-26 मरॉडर जातीचे विमान दोनशेहून अधिक मोहिमांवर गेले. अंगावर हजारापेक्षा जास्त भोके पडली, त्यावर ठिगळे लागली. स्मिथसोनियनने यावेळी पॉलिशपेपर बाजूला ठेवला. मूळ रंग, मूळ ठिगळे, वर चितारलेल्या बॉम्बच्या ओळी, सगळे आहे तसे टिकवायचे आणि फक्त झीज थांबवायची. एनोला गेला चकचकीत करणारी संस्था वीस-तीस वर्षांत अशी बदलली. जुन्या कामावर नव्या पिढीची ही मूक टीकाच म्हणायची.

आता बंगळूरला पडून राहिलेल्या लिबरेटरकडे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला 1944 च्या ऑगस्टमध्ये ते बनले, ब्रिटिशांकडे गेले, कानपूरला सोडून दिले गेले, भारतात पुन्हा उभे राहून 1968 पर्यंत उडले. पुढची तेरा वर्षे त्याच्या पंखाखाली गवत वाढले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश संग्राहकाने ते सुटे करून मालवाहू विमानात घालून इंग्लंडला नेले. 1984 साली अमेरिकेतल्या रॉबर्ट कॉलिंग्ज यांनी ते विकत घेतले आणि जहाजाने बोस्टनला आणले. आधी बेत फक्त उभे करून दाखवायचा होता. मग हे विमान उडवलेल्या म्हाताऱ्या सैनिकांनी आग्रह धरला आणि बेत बदलला. मॅसॅच्युसेट्समध्ये आणि मग फ्लोरिडात मिळून 97 हजार मनुष्यतास लागले. 10 सप्टेंबर 1989 रोजी ते उडले.

उडले, पण कोणाच्या नावाने? पहिले नाव मिळाले 'ऑल अमेरिकन', इटलीतून लढलेल्या एका लिबरेटरचे. 1998 साली रंग बदलून ते 'द ड्रॅगन अँड हिज टेल' झाले, पॅसिफिकमधल्या दुसऱ्याच एका विमानाची नक्कल. 2005 साली तिसरे नाव, 'विचक्राफ्ट', इंग्लंडहून शंभराहून अधिक मोहिमा केलेल्या तिसऱ्याच विमानाचे. तीन वेळा बारसे झाले आणि एकही नाव त्याचे स्वतःचे नव्हते. हे विमान ना इटलीत लढले, ना न्यू गिनीत, ना जर्मनीवर. पिमाच्या लिबरेटरचीही तीच गत. भारतातून उडत गेलेल्या त्या विमानावर आता इंग्लंडातल्या बंगे तळावरच्या अमेरिकी विमानाचे सोंग आहे, 'बंगे बकारू'. यामागे फसवेगिरी नाही. त्या संग्रहालयांत येणाऱ्यांचे आजोबा बंगेहून किंवा इटलीतून उडत होते. नातवंडांना आजोबांचे विमान पाहायचे असते. पुण्याहून अरबी समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानात त्यांना रस का असावा? तरी वीस वर्षांची सेवा एका थराखाली जाते, तेव्हा ती कोणाची तरी जाते.

ब्रिटिशांनी निदान एक केले. लंडनच्या हेंडन येथे उभे असलेले लिबरेटर त्यांच्याच केएन 751 या क्रमांकाने आहे. 99 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये कोकोस बेटांवर त्याने खरोखरच सेवा केली होती. भारतात त्याचा क्रमांक एचई 807 होता. ओटावाचे विमान कॅनडाच्या खुणा अंगावर घेऊन उभे आहे.

भारतीय क्रमांकासह उरले आहे ते दिल्लीत पालमच्या हवाईदल संग्रहालयात, एचई 924. त्याच संग्रहालयात कॅनडाने लिबरेटरच्या बदल्यात दिलेले लायसँडर आहे. याच जातीची विमाने घेऊन 1942 च्या सुरुवातीला के. के. मजुमदार यांची 1 क्रमांकाची स्क्वाड्रन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली. मुळात टेहळणीसाठी असलेल्या त्या संथ विमानांना बॉम्ब बांधून त्यांनी जपानी तळांवर हल्ले केले. मजुमदारांना त्यासाठी डीएफसी हे पदक मिळाले. स्क्वाड्रनची ती विमाने मुंबईच्या युद्धदेणगी निधीतून आलेली होती. आता त्यांतले एकही उरले नाही. त्यांच्या जागी पालमला उभे असलेले लायसँडर आयुष्यभर कॅनडात होते. ब्रह्मदेश त्याने कधी पाहिला नाही.